गड देण्याचे वाङ्मय

आपल्या ऐतिहासिक वाङ्मयात गड घेण्याची वर्णने विपुल आहेत. काळोखी रात्र, कड्याला लावलेला दोर, वर पोहोचलेले मूठभर मावळे आणि उजाडता उजाडता तटावर चढलेले निशाण हे चित्र पोवाड्याने काढले, बखरीने रंगविले, कादंबरीने मोठे केले आणि शाळेच्या पुस्तकाने घरोघर पोहोचविले. ह्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु गड घेतला जातो तसा तो दिलाही जातो. एका पक्षाचे निशाण चढण्यापूर्वी दुसऱ्याचे उतरलेले असते. ते उतरविण्याचा हुकूम कोणी दिला, किल्ल्या कोणी कोणाच्या हाती ठेवल्या, हत्यारांचे काय झाले, दरवाज्याबाहेर पडलेली माणसे कोणत्या वाटेने कोठे गेली, हे सारे आपले लेखक बहुधा एका वाक्यात उरकून पुढे जातात. त्या एका वाक्याविषयी आम्हांस येथे चार शब्द लिहावयाचे आहेत. पराभूत राज्याची फौज शस्त्र खाली कसे ठेवते हे ज्या वाङ्मयास सांगता येत नाही, त्यास त्या राज्याचा शेवट कळलेला नसतो, आणि त्यानंतर आलेल्या राज्याचा आरंभही कळलेला नसतो, असे आमचे मत आहे.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वाशिंद सोडले, की आसनगावच्या बाजूस माहुलीचा डोंगर व त्याचे सुळके दिसू लागतात. शहापूर तालुक्यातील हा किल्ला वस्तुतः एक नव्हे. मधला माहुली, उत्तरेचा पळसगड आणि दक्षिणेचा भंडारगड असे ते त्रिकूट आहे. सुटीच्या दिवशी तरुण मंडळी हा डोंगर चढतात, पाण्याची टाकी व पडके दरवाजे पाहतात, सुळक्यांची छायाचित्रे घेतात आणि सायंकाळच्या गाडीने परततात. ह्याच डोंगरावर १६३६ साली एक राज्य संपले. अहमदनगरच्या निजामशाहीने अखेरचे शस्त्र ठेवले ते येथे, आणि ते ठेवण्याचा प्रसंग शहाजीराजे भोसले ह्यांच्यावर आला.

हकीकत थोडक्यात अशी. १६३३ च्या जून महिन्यात दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि तेथील निजामशहाची ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत रवानगी झाली. त्यानंतर शहाजीराजांनी पेमगिरीस निजामशाही घराण्यातील मुर्तझा नावाच्या लहान मुलास तख्तावर बसविले आणि त्याच्या नावाने सुमारे तीन वर्षे राज्य चालविले. १६३६ च्या आरंभी शहाजहान बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला. मे महिन्यात त्याने विजापूरच्या आदिलशहाशी तह केला. निजामशाही मुलूख दोघांनी वाटून घ्यावा, आणि मोगलांस हवे असलेले किल्ले शहाजीने दिल्यावाचून विजापूरकरांनी त्यास नोकरीत घेऊ नये, असे ठरले. मग मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान असे दोन सरदार दोन बाजूंनी पाठीस लागले. चौलच्या पोर्तुगीजांनी आसरा दिला नाही. शेवटी माहुलीस वेढा पडला. शहाजीराजांनी बादशाही चाकरीची इच्छा दर्शविली. ती नाकारण्यात येऊन त्यांनी आदिलशहाचीच चाकरी धरावी, असे उत्तर आले. मुर्तझास मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड इत्यादि किल्ले सोडावे लागले. तो मुलगा कैदेत गेला; शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले, आणि पुणे व सुपे हे परगणे त्यांच्याकडे राहिले.

आता ही हकीकत कोणी कशी सांगितली ते पाहावे. अब्दुल हमीद लाहोरीचा 'बादशाहनामा' ही जेत्याची दरबारी कथा. कोणता सरदार कोठून निघाला, कोणते किल्ले मिळाले, कोणत्या अटी ठरल्या, हे तीत नीटसपणे येते. परंतु बादशहास काय मिळाले तेथेच तिची जिज्ञासा संपते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. तिचा विषय शिवछत्रपती हा असल्यामुळे निजामशाहीच्या बुडण्यास तीत ओझरतीच जागा मिळाली, आणि ह्याचा दोष बखरकारास देता येत नाही. १९२२ साली वि. का. राजवाडे ह्यांनी जयराम पिंड्येकृत 'राधामाधवविलासचंपू' प्रसिद्ध केला व त्यास शहाजीराजांविषयी विस्तृत प्रस्तावना जोडली. शिवाजीचे वडील एवढ्याच नात्याने ज्यांस आपण ओळखीत होतो, त्यांस स्वतंत्र कर्ता पुरुष म्हणून पाहण्याची दृष्टी त्या प्रस्तावनेने मराठी वाचकास दिली. हे उपकार लहान नव्हेत.

परंतु सामान्य वाचकाच्या हाती पडणाऱ्या चरित्रांत व कादंबऱ्यांत माहुलीचा प्रसंग आला की लेखणी दोहोंपैकी एका वाटेने जाते. एक वाट लाजेची: वीरपुरुष शरण गेला हे सांगणे जिवावर येते, म्हणून वाक्य आखडते आणि कथा लगबगीने पुण्याच्या वाड्यात जाऊन पोहोचते. दुसरी वाट चातुर्याची: ही शरणागतीच नव्हती, पुढील स्वराज्याचा तो आधीच आखलेला डाव होता, असे सांगून प्रसंगाची धार बोथट केली जाते. ह्या दोन्ही वाटा एकमेकींच्या विरुद्ध दिसल्या तरी त्या एकाच भीतीतून निघतात. शरणागतीकडे शरणागती म्हणून पाहण्याची तयारी दोहोंतही नाही.

मग ती कशी पाहावी? आम्हांस असे वाटते, की शस्त्र ठेवण्याच्या कोणत्याही वर्णनास तीन प्रश्न विचारावे. शस्त्र ठेवण्याचा हुकूम कोणाचा, आणि तो देण्याचा अधिकार त्यास होता काय? हत्यारे, दारूगोळा व तटबंदी ह्यांचे पुढे काय झाले? आणि ती हत्यारे ज्यांच्या हातांत होती त्या माणसांचे काय झाले? जे वर्णन ह्या तिहींची उत्तरे देते ते वाचकास राज्याच्या शेवटाचे ज्ञान देते. जे देत नाही, ते कितीही हृदयद्रावक असले तरी ऐकीव सुतकापलीकडे जात नाही.

माहुलीस हे प्रश्न लावून पाहावे. हुकूम शहाजीराजांचा, तख्तावरील मूल त्यात बोलणारे नव्हते, तेव्हा सत्ता कोठे होती हे शरणागतीनेच उघड केले. किल्ले मोगलांकडे गेले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र विलक्षण आहे. जेत्याने राजा मागितला, गड मागितले. लढणाऱ्या सरदारास मात्र आपल्या पदरी घेतले नाही व मोडूनही टाकले नाही, तर शेजारच्या दरबाराकडे वळविले. मोगलांच्या हिशेबी एक राज्य निःशस्त्र झाले होते. प्रत्यक्षात राज्य गेले आणि शस्त्र राहिले. पुढे त्याच पुणे परगण्यात जे उभे राहिले त्याचे एक मूळ ह्या करारात आहे. त्यासाठी शहाजीराजांस १६३६ सालीच १६७४ चा राज्याभिषेक दिसत होता असे मानण्याची गरज नाही. कादंबरीकाराने ह्या प्रसंगाकडे ह्या अंगाने पाहिले, तर त्यास नायकाची लाजही झाकावी लागणार नाही आणि त्यास ज्योतिषीही करावे लागणार नाही.

दुसरे उदाहरण १६६५ चे, आणि त्यातही माहुली आहे. मिर्झाराजा जयसिंहाने पुरंदरास वेढा घातला तेव्हा शेजारचा वज्रगड प्रथम, एप्रिलच्या मध्यास, पडला. तेथून शरण आलेल्या शिपायांची हत्यारे काढून घेऊन जयसिंहाने त्यांस घरी जाऊ दिले आणि त्यांच्या पुढाऱ्यांस वस्त्रे दिली. हे केवळ औदार्य नव्हते. आपल्या सोबत्यांस जिवंत घरी जाताना पुरंदरच्या शिबंदीने पाहावे, म्हणजे तिचाही हट्ट सैल होईल, असा तो हिशेब होता. मुरारबाजीने तो हिशेब आपल्या प्राणांनी चुकविला, हे सर्वश्रुत आहे. पुढे ११ जून रोजी शिवाजीमहाराज जयसिंहास भेटले. तहान्वये चार लक्ष होन उत्पन्नाचे तेवीस किल्ले मोगलांस द्यावयाचे आणि एक लक्ष होन उत्पन्नाचे बारा महाराजांनी ठेवावयाचे, असे ठरले. १२ जून रोजी पुरंदरातून सात हजार माणसे बाहेर पडली. त्यांत लढणारी चार हजार, बाकीची बायकामुले व इतर मंडळी. आत राहिलेल्या तोफा, हत्यारे व सामान मोगल सरकारात जप्त झाले. १४ जून रोजी कोंडाणा जयसिंहाचा पुत्र कीरतसिंह ह्याच्या ताब्यात गेला. द्यावयाच्या किल्ल्यांत माहुली होता.

येथे एक गोष्ट वाचकांच्या मनात राहावी अशी आमची इच्छा आहे. भेटीच्या दिवसापासून बादशहाचे फर्मान येईपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ, महाराजांनी अंगावर शस्त्र धारण केले नव्हते. फर्मान आल्यावर जयसिंहाने आग्रहाने त्यांस जडावाची तलवार बांधावयास लावली. ही हकीकत जयसिंहाच्या पत्रव्यवहारातून आली आहे. एखाद्या नाटककाराने ह्याहून बोलका प्रसंग कल्पून तरी काय काढावा? शस्त्राचा त्याग हा तहाचा विधी होता, आणि शस्त्र परत बांधणे हाही. दोहोंचा अर्थ त्या दोघा पुरुषांस नेमका ठाऊक होता. तरी आपल्या रंगभूमीवर आग्र्याचा दरबार व पेटारे जितके गाजले, त्याचा शतांशही ह्या निःशस्त्र तीन महिन्यांच्या वाट्यास आला नाही.

कोंडाण्याचेच पाहा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीवर तुळशीदास शाहिराचा पोवाडा आहे, हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी आहे, आणि तानाजीचे नाव न ऐकलेले मूल महाराष्ट्रात सापडणार नाही. पण तोच गड साडेचार वर्षांपूर्वी ज्या दिवशी खाली केला, त्या १४ जूनची आठवण कोणास आहे? त्या दिवशी गड सोडून उतरलेल्या शिपायांच्या मनात जे साचले असेल, ते कळल्यावाचून तानाजीच्या रात्रीचा आवेश अर्धाच कळतो. माहुलीच्या वाट्यास तर तेवढाही पोवाडा आला नाही. १६७० च्या फेब्रुवारीत त्यावर झालेला मराठ्यांचा हल्ला मनोहरदास गौड ह्या मोगलांच्या किल्लेदाराने मोठ्या हानीनिशी परतविला. पुढे कुमक मिळत नाही म्हणून तो अधिकार सोडून गेला, आणि त्याच्या जागी आलेला अलावर्दी बेग मारला जाऊन १६ जून रोजी गड मराठ्यांकडे आला. १६६५ च्या तहाने गड घेतले, परंतु गड चढून जाणारी माणसे व त्यांचा धनी ही दोन्ही जागच्या जागी ठेवली. म्हणून ती शांतता पाच वर्षेही पुरली नाही.

आतापर्यंत देणारे आपण होतो. घेणारे आपण असतानाही आपले वाङ्मय ह्या बाबतीत तितकेच अबोल आहे. ह्याच उत्तर कोकणात १७३९ साली वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतला. शर्थीचे हल्ले, सुरुंग, पडलेली माणसे ह्यांची वर्णने आपणांस पाठ आहेत. पोर्तुगीजांच्या चर्चांतील घंटा महाराष्ट्रातील देवळांत टांगल्या गेल्या, त्या यात्रेकरू आजही हात लावून पाहतात. परंतु मे महिन्यात ठरलेल्या शरणागतीच्या अटी किती वाचकांनी पाहिल्या आहेत? शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवीत व निशाणे फडकवीत बाहेर पडावे. गावातील लोकांनी आपली चीजवस्तू घेऊन जावे. ह्यासाठी आठ दिवसांची मुदत असावी. जे मागे राहतील त्यांच्या धर्मास अडथळा होऊ नये व त्यांच्यासाठी तीन चर्चे राखावीत, असा तो करार होता. ठरल्याप्रमाणे शिबंदी बाहेर पडली. ज्या शत्रूने हजारोंनी माणसे मारली, त्यास विजयाच्या दिवशी नगारे वाजवीत जाऊ देणे ह्यास केवढा मनोनिग्रह लागतो! तो मनोनिग्रह हा मराठ्यांच्या इतिहासातील भूषणाचा भाग आहे. आपण घंटा जपल्या आणि कराराचा कागद विसरलो. वसई तालुक्यातील ख्रिस्ती समाज आज मराठीत लिहितो, मराठीत प्रार्थना करतो; त्याच्या येथे टिकून राहण्याच्या इतिहासात त्या कागदासही थोडे स्थान आहे.

पुढचे प्रकरण १८१७-१८ चे. येथे मात्र आपल्या लेखकांनी मनाने माघार घेतलेली दिसते. त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. त्यास हजर करीपर्यंत सिंहगड, पुरंदर व रायगड तारण म्हणून द्यावे, अशी मागणी इंग्रजांनी १८१७ च्या मे महिन्यात केली. लढाईस तोंड लागण्यापूर्वीच गड मागणे ही निःशस्त्रीकरणाची नवी तऱ्हा होती. पुढे ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. आठ लक्षांची नेमणूक त्याने पत्करली ह्याबद्दल त्यास आपल्याकडे पुष्कळ शिव्या मिळाल्या. ना. सं. इनामदारांनी 'मंत्रावेगळा'त त्या पुरुषाकडे सहानुभूतीने पाहण्याचे धैर्य दाखविले, हे नमूद केले पाहिजे. तथापि त्या शरणागतीनंतर थोड्याच दिवसांत बाजीरावाबरोबरच्या अरब शिपायांनी थकलेल्या पगारासाठी धन्यासच अडवून धरले आणि माल्कमला मध्ये पडावे लागले, ह्या प्रसंगातील अर्थ आपणांस क्वचितच दिसतो. शिपाई धन्यापाशी हत्यार ठेवीत नाही, तो पगाराच्या हिशेबापाशी ठेवतो. आणि तो हिशेब चुकविल्यावाचून कोणतीही शरणागती पुरी होत नाही.

त्याच महिन्यात मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी शस्त्र ठेवले. तेथील एक गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांस विशेष वाटेल. अटींचा कागद मराठीत लिहिला गेला, आणि इंग्रज सेनापतीच्या मनात होते त्याहून अधिक अभय त्या मराठी शब्दांत उतरले. एकदा कागद दिल्यावर शब्दांस बांधून घेणे भाग पडले. लेखणी चुकली की तलवारीस थांबावे लागते, ह्याचे एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे आम्हांस ठाऊक नाही.

आणि तिसरा प्रश्न? सह्याद्रीतील पुष्कळ गडांच्या पायऱ्या व दरवाजे इंग्रजांनी फोडले, शिबंद्या मोडल्या. पुरंदराच्या राखणीचे काम ज्या रामोशी घराण्यांकडे परंपरेने होते, त्यांचे हक्क व रोजगार गेले. त्यांतून उमाजी नाईक उठला, आणि १८३२ साली त्यास फाशी देईपर्यंत इंग्रजांस त्या डोंगरांत स्वस्थता मिळाली नाही. दगडी पायरी फोडता येते. गड राखणाऱ्या माणसास त्याच्या गडाची सवय विसरावयास लावता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीची फौज एक लाखावर आणली. तेव्हाही काम नसलेले सैनिक खाजगी टोळ्यांत जमले आणि त्या देशाचे राजकारण नासले. देश दोन, शतके दोन, चूक एक.

उलट १९४५ साली जपानला दिलेल्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्यात, निःशस्त्र केलेल्या सैनिकांस घरी परतून शांततेने पोट भरू दिले जाईल, असे आरंभीच सांगितले होते. हत्यार ठेवण्याचा हुकूम जपानी सम्राटाच्या मुखाने गेला, आणि दूरच्या फौजांपर्यंत तो पोहोचविण्यासाठी राजघराण्यातील पुरुष पाठविले गेले. म्हणूनच लक्षावधी सैनिकांनी मुकाट्याने शस्त्र ठेवले. ज्यास तो हुकूम खरा वाटला नाही असा हिरू ओनोदा हा अधिकारी फिलिपाइन्सच्या लुबांग बेटावर १९७४ पर्यंत लढत राहिला. त्याचा जुना वरिष्ठ समक्ष येऊन हुकूम वाचीपर्यंत त्याने बंदूक खाली ठेवली नाही. पहिल्या प्रश्नाचे महत्त्व पटविण्यास एवढा एक मनुष्य पुरे आहे.

आपल्या शेजारच्या गोमंतकात त्याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. १९६१ च्या डिसेंबरात लिस्बनहून सालाझारचा आदेश असा होता, की शेवटपर्यंत लढावे, शरण जाऊ नये. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा ह्याने १९ डिसेंबर रोजी शरणागतीवर सही केली. निष्फळ रक्तपात टळला, आणि तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक पुढल्या वर्षी जिवंत मायदेशी परतले. त्याचे बक्षीस म्हणून ह्या अधिकाऱ्यास सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. १९७४ ची राज्यक्रांती झाल्यावर मगच त्यास मान परत मिळाला. शरण जाण्यासही धैर्य लागते, हे पोर्तुगालास कळावयास तेरा वर्षे लागली. आपल्याकडील लेखकांस माहुलीच्या बाबतीत ते पावणेचार शतकांहून अधिक काळ लोटूनही कळू नये, ह्याचा विषाद वाटतो.

ह्यावर असा आक्षेप येईल, की पराभवाची वर्णने वाढवून तरुणांच्या मनात दुबळेपणा का पेरावा? घरात मुलांपुढे तानाजी वाचावा की कीरतसिंहाच्या हाती गेलेल्या किल्ल्या मोजाव्या? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्यास उत्तर देतो. ज्या मुलास केवळ गड घेणेच ठाऊक आहे, त्यास पराजय म्हणजे बेइमानी असे वाटू लागते. मग प्रत्येक पराभवामागे तो एक फितूर शोधतो, आणि हरलेल्या शत्रूस पायाखाली तुडविणे हाच विजय असे समजतो. आपल्या कादंबऱ्यांतील फितुरांची गर्दी पाहिली, म्हणजे ही भीती काल्पनिक नाही हे पटेल. उलट ज्यास माहुलीचा वेढा, पुरंदराच्या दरवाज्यातून उतरणारी सात हजार माणसे आणि वसईचे नगारे ही तिन्ही ठाऊक आहेत, त्यास हरण्यात शहाणपण असू शकते व जिंकण्यात संयम असावा लागतो, ही दोन्ही ज्ञाने मिळतात. शूर पिढी घडवावयाची तर तिला ह्या दुसऱ्या ज्ञानापासून वंचित ठेवून चालणार नाही.

साधनांची सबब आता पुढे करता येणार नाही. जयसिंहाची पत्रे छापली गेली आहेत, पोर्तुगीज करार उपलब्ध आहेत, पेशवे दप्तराचे खंड ग्रंथालयांत आहेत. उणीव आहे ती ह्या कागदांतील माणसांकडे पाहणाऱ्या लेखकाची. माहुलीच्या त्या पावसाळ्यानंतरच्या दिवसांत वेढ्यात अडकलेला एक सरदार, त्याच्या भरवशावर तख्तावर बसलेला एक पोर, खाली दोन बादशाह्यांच्या छावण्या आणि आपला पगार व आपला जीव ह्यांचे पुढे काय होणार ह्या विवंचनेत तटावर उभे असलेले अनाम शिपाई, एवढी सामग्री कोणत्याही समर्थ कादंबरीकारास पुरावी. त्याने त्यांतील कोणासही दोषी ठरवू नये व कोणाचीही वकिली करू नये; हत्यार हातातून सुटते त्या घटकेस काय झाले, तेवढे नीट सांगावे. असे पुस्तक जेव्हा मराठीत होईल, तेव्हा त्याचे स्वागत करणाऱ्यांत आम्ही पहिले असू.